पक्ष मोठा की प्रांत? सारलँड १९५५, संयुक्त महाराष्ट्र आणि थोडंसं स्कॉटलंड



यंदा गणपतीत ग्लासगोचा माझा एक जुना मित्र सहकुटुंब आमच्याकडे सारब्रुकेनला आला होता. (जर्मन लोक 'झारब्र्युकन' म्हणतात, पण आपल्या जिभेला सोपं पडेल तेच लिहितो.) आरती झाली, मोदक झाले, आणि चार मराठी माणसं एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. राजकारण निघालं.

मित्र पेशाने डॉक्टर, तिकडे बरीच वर्षं आहे. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं तेव्हा त्याच्याकडे भारतीय पासपोर्टच होता, पण राष्ट्रकुलातला रहिवासी म्हणून त्याला मत देता आलं. त्याने 'नको' म्हणून दिलं. त्याची मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि त्या मतदानात सोळा वर्षांच्या मुलांनाही हक्क होता. तिने 'हो' म्हणून दिलं. "एकाच घरातली दोन मतं, एकमेकांना काट. आम्ही दोघं घरी बसलो असतो तरी चाललं असतं," असं तो हसत म्हणाला. मुलगी मात्र हसली नाही.

वाद रंगला तो पक्षांवरून. त्या सार्वमतात मजूर पक्ष आणि हुजूर पक्ष, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एकाच आघाडीतून 'नको'चा प्रचार करत होते. निकाल साधारण ५५ विरुद्ध ४५ असा 'नको'च्या बाजूने लागला, म्हणजे मजूर पक्ष जिंकला म्हणायचा. आणि आठच महिन्यांनी, मे २०१५ च्या निवडणुकीत, स्कॉटलंडमधल्या त्यांच्या ४१ जागांपैकी ४० गेल्या! ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने नेल्या. मधल्या काळात मजूर पक्षाच्या स्कॉटलंडमधल्या नेत्या जोहान लॅमोंट यांनी राजीनामा दिला, तो देताना लंडनचे लोक आम्हाला शाखा कचेरीसारखं वागवतात अशी तक्रार करून.

फ्रँकफुर्टहून आलेले दुसरे एक स्नेही शिस्तीचे भोक्ते. ते म्हणाले, "पक्षाने ठरवलं की ठरवलं. पटत नसेल तर बाहेर पडा. शिस्त नसली तर पक्षाची धर्मशाळा होते." त्यावर मित्राची मुलगी म्हणाली, "पण काका, माझं घर कुठल्या देशात असावं हे पक्षाने का ठरवायचं?"

मी गप्प बसलो होतो. एरवी मी असा गप्प बसत नाही, हे मंडळींना ठाऊक आहेच. याची कारणं दोन. एक म्हणजे हा वाद ज्या गावात बसून चालला होता ते गाव. आणि दुसरं म्हणजे माझे आजोबा. दोन्ही सांगतो.

आधी गाव. सारलँड म्हणजे जर्मनीच्या नैर्ऋत्य कडेचा, फ्रान्सला चिकटलेला छोटासा प्रांत. लोकसंख्या जेमतेम दहा लाख. इथे कोळसा आणि पोलाद होतं, म्हणून दोन देशांनी याची ओढाताण केली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० ते १९३५ हा भाग राष्ट्रसंघाच्या ताब्यात होता आणि खाणी फ्रान्सकडे. १३ जानेवारी १९३५ ला इथल्या लोकांना विचारलं गेलं की जर्मनीत जायचं, फ्रान्समध्ये जायचं, की आहे तसंच राहायचं. ९०.७ टक्के लोकांनी जर्मनीला मत दिलं. तेव्हा जर्मनीत हिटलर होता, हे ध्यानात ठेवा. या आकड्याकडे मी पुढे परत येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने सारला जर्मनीपासून पुन्हा वेगळं काढलं. १९४७ साली स्वतःची राज्यघटना, स्वतःचं सरकार, स्वतःची टपालाची तिकिटं, चलन मात्र फ्रेंच. जर्मनीत जायचं तर मध्ये जकात नाका. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सारचा वेगळा संघ उतरला होता. आणि फुटबॉलवाल्यांसाठी खास: १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सार आणि पश्चिम जर्मनी एकमेकांविरुद्ध खेळले. सारचा प्रशिक्षक होता हेल्मुट श्योन, ज्याने पुढे १९७४ साली पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून दिला.

या छोट्या राज्याचे मुख्यमंत्री म्हणा, पंतप्रधान म्हणा, ते होते योहानेस हॉफमन. लोक त्यांना 'योहो' म्हणत. त्यांचा पक्ष सीव्हीपी, म्हणजे कॅथलिक वळणाचा ख्रिश्चन पक्ष. फ्रान्सच्या छायेत, पण पुढे युरोपचा भाग म्हणून सार वेगळा राहावा असं त्यांचं मत. जर्मनीत सामील व्हावं म्हणणाऱ्या पक्षांना मात्र निवडणूक लढवायची परवानगी नव्हती. हे योहोंच्या खात्यावरचं मोठं पाप, त्याला पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

मग आला २३ ऑक्टोबर १९५४. पॅरिसला जर्मनीचे चॅन्सलर कोनराड आडेनाउअर आणि फ्रान्सचे पंतप्रधान पिएर माँदेस-फ्रान्स यांनी सारबद्दल करार केला. सार ना जर्मनीचा ना फ्रान्सचा, त्याला 'युरोपीय' दर्जा द्यायचा, वर एक युरोपीय आयुक्त, आणि या योजनेला सारच्या लोकांची मान्यता घ्यायची.

आडेनाउअरनी हे का मान्य केलं? म्हातारा काही वेडा नव्हता. त्याच पॅरिसच्या वाटाघाटींत पश्चिम जर्मनीला सार्वभौमत्व आणि नाटोचं सदस्यत्व मिळत होतं, आणि सारचा गुंता सुटल्याशिवाय फ्रान्सची संसद त्यावर शिक्का मारणार नव्हती. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी फ्रान्स तुडवला त्यांच्यावर फ्रान्सने पुन्हा विश्वास ठेवावा, तर काहीतरी सोडावं लागणार. त्यांनी दहा लाख माणसं पाच कोटींच्या भवितव्यासाठी पणाला लावली. बॉनमध्ये बसलेल्या माणसाला हा हिशोब बरोबरच दिसणार. तरीही बुंडेस्टागमध्ये त्यांच्याच सरकारातल्या एफडीपीच्या बहुतेक खासदारांनी सारच्या कराराविरुद्ध मत दिलं. करार मंजूर झाला तो झालाच.

१९५५ च्या उन्हाळ्यात, मतदानाला तीन महिने असताना, सारमधल्या जर्मनवादी पक्षांवरची बंदी उठली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत इथून सुरू होते. या पक्षांपैकी एक होता सीडीयूची सारमधली शाखा. सीडीयू म्हणजे आडेनाउअरचा स्वतःचा पक्ष! २ सप्टेंबर १९५५ ला बोखुमच्या सभेत आडेनाउअरनी सारच्या लोकांना जाहीर आवाहन केलं की योजनेला 'हो' म्हणा. आणि त्यांच्याच पक्षाचे सारमधले अध्यक्ष हुबर्ट नाय गावोगाव सभा घेऊन सांगत होते, 'नाही' म्हणा! त्यांच्या जोडीला उदारमतवाद्यांचे हाइनरिष श्नायडर आणि समाजवाद्यांचे कुर्ट कोनराड. एरवी या तिघांचं एकमेकांशी पटायचं कारण नव्हतं. पण या प्रश्नापुरती तिघांनी मोट बांधली.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ऐंशीच्या पुढे. तेव्हा ते शाळकरी पोर होते. भिंतीभिंतीवर 'नाइन' लिहिलेलं त्यांना आठवतं. 'जाड्याला हाकला' अशी घोषणा होती. जाड्या म्हणजे योहो, ते अंगाने भरपूर होते. शेजाऱ्यांचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला, कट्टर 'नाही'वाले. त्यांचा सख्खा भाऊ 'हो'वाला, आणि त्याने खिडकीत 'हो'चं पोस्टर लावलं होतं. दोघं एकाच गल्लीत राहायचे. त्या खिडकीपुढून जाताना वडील मान वळवायचे, असं शेजारी सांगतात.

२३ ऑक्टोबर १९५५ ला मतदान झालं. ९६ टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला आले. ६७.७ टक्के 'नाही'. योहोंनी लगेच राजीनामा दिला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये त्यांच्या जागी आले तेच हुबर्ट नाय, पक्षश्रेष्ठींचं न ऐकणारे. फ्रान्सने निकाल मानला. ऑक्टोबर १९५६ मध्ये लक्झेंबर्गला करार झाला. फ्रान्सला मोझेल नदी जहाजांसाठी खोल करून मिळाली, काही कोळसा मिळाला, आणि १ जानेवारी १९५७ ला सार पश्चिम जर्मनीचं राज्य झालं. जर्मन मार्क यायला जुलै १९५९ उजाडलं.

आडेनाउअर हरले, पण त्यांचं काही बिघडलं नाही. ज्या फ्रान्सच्या मैत्रीसाठी त्यांनी सार सोडायची तयारी केली होती, ती मैत्री सार मिळूनही टिकली. 'तुम्ही ऐकलं नाहीत तर जग बुडेल' असं श्रेष्ठी सांगतात तेव्हा जग बऱ्याचदा बुडत नाही. असो.

आता दुसरं कारण. त्यासाठी याच महिन्यात महाराष्ट्रात काय चाललं होतं ते बघू. १० ऑक्टोबर १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सारच्या मतदानाच्या बरोबर तेरा दिवस आधी. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांनी सुचवलं होतं की मराठी आणि गुजराती मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य करा आणि विदर्भ वेगळा काढा. बाकी भाषांना राज्यं आणि आपल्याला जोडघर! पुढचं आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. काँग्रेस कार्यकारिणीचं त्रिराज्य, २१ नोव्हेंबरचा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची नेहरूंची घोषणा, पुन्हा गोळीबार, १०६ हुतात्मे.

पण ही कहाणी आपण नेहमी रस्त्यावरून सांगतो. अत्रे, एसेम, डांगे, शाहिरांचे डफ. ती काँग्रेसच्या कचेरीतून फारशी कुणी सांगत नाही. तिथे बसलेल्या मराठी माणसाची काय अवस्था झाली असेल? शंकरराव देव संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष, आणि हाडाचे काँग्रेसवाले. काकासाहेब गाडगीळ लोकसभेत मुंबईसाठी तळमळून बोलले, पण पक्ष सोडला नाही, आणि १९५७ ला पुण्यात नानासाहेब गोऱ्यांकडून पडले. केशवराव जेधे समितीत गेले आणि बारामतीतून निवडून आले. यशवंतराव चव्हाणांनी फलटणला जाहीर सांगितलं की नेहरू की संयुक्त महाराष्ट्र अशी वेळ आली तर मी नेहरूंबरोबर. त्यावरून त्यांना किती शिव्या बसल्या ते जुन्या माणसांना विचारा. आणि चिंतामणराव देशमुख! देशाचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाला असं लोकसभेत तोंडावर सांगून जुलै १९५६ मध्ये ते बाहेर पडले.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर. स्कॉटलंडमध्ये २०१५ ला मजूर पक्षाचं जे झालं ते ऐकताना मला म्हणूनच नवल वाटलं नाही. सभागृहात शिस्त चालते. मतपेटीत तिचा इलाज नसतो.

माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावात काँग्रेसचे कार्यकर्ते होते. मोठे कुणी नव्हेत. तालुका समितीवर, खादी, बेचाळीसच्या चळवळीत सहा महिने तुरुंग, एवढंच. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे धाकटे आजोबा, शेकापमधून समितीत. वाडा एक, मधे भिंत. पुढचं सगळं मला माझ्या आत्याने सांगितलं आहे. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

१९५६ च्या सुरुवातीला गावात समितीची सभा ठरली. धाकटे आजोबा मोठ्या भावाकडे आले आणि म्हणाले, "दादा, पक्ष सोडू नका. व्यासपीठावरही बसू नका. फक्त सभेत उभं राहून एवढं म्हणा की मुंबई आपली आहे. तुम्ही बेचाळीसचे, तुमच्या एका वाक्याने गाव हलेल." आजोबा काही बोलले नाहीत. सभेच्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं. रात्री आजीशी बोलताना मात्र म्हणाले, "मुंबई आपलीच आहे गं, मला काय कळत नाही?" आत्या अंथरुणात जागी होती.

३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. समितीने वाटेत काळ्या निशाणांनी निदर्शनं करायचं ठरवलं होतं. तालुक्यातून काँग्रेसचे कार्यकर्ते ट्रकमधून गडाकडे निघाले, त्यात आजोबा होते. पसरणीच्या घाटात रस्त्याच्या कडेला हजारोंनी लोक काळी निशाणं घेऊन उभे होते, त्यात धाकटे आजोबा होते. ट्रक वळणावर हळू झाला आणि दोघांची नजरानजर झाली. धाकट्यांनी निशाण खाली घेतलं. घोषणा थांबवली नाही, पण ट्रक पुढे जाईपर्यंत निशाण खालीच ठेवलं. हे धाकट्यांनीच नंतर घरी सांगितलं. आजोबांनी कधीच नाही.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तो आणला काँग्रेसनेच, मुख्यमंत्री यशवंतराव. आजोबांच्या पक्षाचा सत्कार, मिरवणूक. धाकटे आजोबा पेढे घेऊन भिंतीपलीकडून आले आणि म्हणाले, "दादा, मंगलकलश तुमच्या पक्षाने आणला. पाणी आम्ही भरलं होतं, एवढं लक्षात ठेवा." आजोबांनी पेढा घेतला. पण दोघांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही ते नाहीच.

लहानपणी मला आजोबांची थोडी लाज वाटायची. शाळेत हुतात्म्यांचे धडे, आणि आमचे आजोबा ट्रकमध्ये! सारला आल्यावर, हुबर्ट नायची गोष्ट कळल्यावर, आधी तर लाज वाढलीच. बघा, हा माणूस तुमच्यासारखाच पक्षाचा, पण प्रांतासाठी आडेनाउअरपुढे ताठ उभा राहिला!

पण योहोंबद्दल वाचायला लागलो आणि गणित बिघडलं. १९३५ चा तो आकडा आठवतो ना, ९०.७ टक्के? तेव्हा योहो पत्रकार होते. हिटलरच्या जर्मनीत जाऊ नका, आहे तसेच राहा, असं ओरडून सांगणाऱ्या मूठभरांपैकी ते एक. दहापैकी नऊ लोक त्यांच्या विरुद्ध गेले. योहोंना देश सोडून पळावं लागलं, थेट ब्राझीलपर्यंत. दहा वर्षांनी परत आले ते उद्ध्वस्त सारमध्ये. म्हणजे १९३५ ला लोक चुकले होते आणि हा जाडा बरोबर होता. मग १९५५ ला 'लोकांचं ऐका' हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांनी पुढे आठवणी लिहिल्या, त्याचं नावच 'ध्येय युरोप होतं' अशा अर्थाचं आहे. आज सारब्रुकेनहून ट्राममध्ये बसलं की फ्रान्समधल्या सार्गमिनला उतरता येतं, पासपोर्ट कुणी विचारत नाही, दोन्हीकडे युरो. योहोंना जे हवं होतं ते बरंचसं झालं, फक्त त्यांच्या हातून नाही.

म्हणजे 'प्रांत नेहमी बरोबर, पक्ष नेहमी चूक' असं सोपं सूत्र नाही. आपण मराठी माणसांनी तर हे सूत्र वापरताना दोनदा विचार करावा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांना विलीनीकरण हवं होतं. गोव्यातल्या काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर मात्र दिल्लीत खेटे घालून सांगत होते की गोव्याच्या लोकांनाच विचारा. विचारलं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. तिथे 'तुमचं भलं आम्हाला कळतं' म्हणणारे आपण होतो. आणि विदर्भाला तर आयोगाने वेगळं राज्य देऊ केलं होतं. ते काढून घेताना तिथल्या लोकांचं मत कुणी मोजलं नाही. आमच्या नागपूरच्या स्नेह्यांनी हे वाक्य लिहिल्याशिवाय मला सोडलं नसतं, म्हणून आधीच लिहिलं.

शिस्तीबद्दल कायदा काय म्हणतो? ब्रिटनमध्ये 'व्हिप' हा शब्दच शिकारीतून आला, कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून. महत्त्वाच्या मतदानाला पक्षाच्या आदेशाखाली तीन रेघा ओढतात. तरी लोक मोडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरून बोरिस जॉन्सननी आपल्या २१ खासदारांना एका रात्रीत पक्षाच्या गटाबाहेर काढलं. आणि स्कॉटलंडपुरतं बोलायचं तर १९७८ साली मजूर पक्षाच्याच जॉर्ज कनिंगहॅम नावाच्या खासदाराने सरकारचं न ऐकता अट घालून घेतली की स्कॉटिश विधानसभेसाठी एकूण मतदारांच्या ४० टक्के 'हो' हवेत. १ मार्च १९७९ ला ५१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले, पण एकूण मतदारांत ते ३२.९ टक्केच भरले. विधानसभा बारगळली, चिडलेल्या स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी सरकारविरुद्ध मत दिलं, आणि २८ मार्चला कॅलहन सरकार ३११ विरुद्ध ३१०, एका मताने पडलं. मग आल्या थॅचरबाई. एका खासदाराच्या बंडाचे पडसाद कुठवर जातात बघा!

जर्मनीच्या घटनेत कलम ३८ आहे. खासदार सगळ्या जनतेचा प्रतिनिधी, कुणाच्या आदेशाला बांधील नाही, फक्त स्वतःच्या सदसद्विवेकाला. व्यवहारात इथेही शिस्त कडकच असते. पण पक्ष मोडला म्हणून खासदारकी जात नाही. आणि २० जून १९९१ ला राजधानी बॉन की बर्लिन हा प्रश्न आला तेव्हा पक्षांनी दोर सोडून दिले. बर्लिनला ३३८, बॉनला ३२०, दोन्हीकडे सगळ्या पक्षांची माणसं. राज्यांच्या सीमा बदलायच्या तर इथे लोकांना विचारावं लागतं. १९९६ साली बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग एक करायचं दोन्हीकडच्या सरकारांनी ठरवलं होतं, ब्रांडेनबुर्गच्या मतदारांनी ते साफ उधळून लावलं. पण जर्मनीतून बाहेरच पडायचं म्हटलं तर दार बंद. बव्हेरियाला तसा हक्क नाही, असं घटना न्यायालयाने २०१६ साली सांगून टाकलं.

आपल्याकडे उलटं. कलम ३ प्रमाणे संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते, विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकतं. म्हणजे आज कुणा चिंतामणरावांना पक्षाविरुद्ध मत देऊन खुर्चीत बसता येणार नाही. तसे १९५६ चे चिंतामणरावही बसले नाहीत म्हणा.

पण कायदा बाजूला ठेवा. आजोबांवर कुठला कायदा नव्हता. पक्षाने त्यांना गप्प बसा असं सांगितल्याचंही कुणाला आठवत नाही. शिस्त म्हणजे गप्प बसणं, असं त्यांनीच धरलं होतं. आणि इतकी वर्षं विचार करून मला वाटतं की त्यांचं चुकलं ते इथे. पक्षाबरोबर राहण्यात नाही. यशवंतराव राहिले, काकासाहेब राहिले. पण काकासाहेबांनी लोकसभेत मन मोकळं केलं आणि मग पडले. यशवंतरावांनी न पटणारी गोष्ट लोकांसमोर उभं राहून सांगितली आणि शिव्या खाल्ल्या. नायनी आपल्या नेत्याला उघड 'नाही' म्हटलं. योहोंनी सगळ्या प्रांताविरुद्ध उघड 'हो' म्हटलं, हरले आणि चालते झाले. शिस्तीने हात वर कुठे करायचा ते ठरावं. तोंड तिने बांधू नये. आजोबांनी गावाला मन सांगितलं नाही, आणि तालुका समितीतही सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त आजीला, अंधारात. ते पक्षाच्याही उपयोगाचं नव्हतं. त्या पक्षाला १९५७ ला जो धक्का बसला, तो त्याला आधीच कळला असता, जर अशा शेकडो खादीवाल्यांनी तालुक्यातालुक्यांतून वर कळवलं असतं की साहेब, लोक आपल्याबरोबर नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

शेजारच्या आजोबांना मी विचारलं, तुमच्या वडिलांचं आणि काकांचं पुढे काय झालं? ते म्हणाले, चार वर्षं अबोला. मग मार्क आला त्या आठवड्यात वडील स्वतःहून बिअर घेऊन काकांकडे गेले. का गेले? शेजारी खांदे उडवून म्हणाले, "काका चुकले असं बाबा मरेपर्यंत म्हणायचे. पण खिडकीत पोस्टर होतं. काका फसवे आहेत असं त्यांना कधी म्हणता आलं नाही."

आमच्या वाड्यातली भिंत मात्र राहिली. आजोबा १९८८ ला गेले. धाकट्या आजोबांनी खांदा दिला, आणि परत येताना आत्याला म्हणाले, "तुझ्या बापाच्या मनात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही बघ." आत्याला माहीत होतं. तिनेही सांगितलं नाही. का, ते विचारलं तर ती म्हणते, दादांनी सांगितलं नाही ते मी कसं सांगू? धाकटे आजोबा १९९४ ला गेले.

तर त्या रात्री मी गप्प होतो तो यामुळे. जाताना मित्राच्या मुलीला मी एवढंच म्हटलं की तुझ्या बाबांनी तुझ्याविरुद्ध मत दिलं, पण तुला सांगून दिलं, याची किंमत आमच्या घराला विचार. ती म्हणाली, "काका, आम्ही अजून भांडतो." मी म्हटलं, भांडा.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या घरी छप्पन-सत्तावन्नची माणसं अजून असतील, दोन्ही बाजूंची. पुढच्या रविवारी फोन कराल तेव्हा तब्येत आणि हवा-पाणी झाल्यावर एकदा विचारून बघा, तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात? आणि कळलं तर इथे जरूर लिहा.

चूकभूल द्यावी घ्यावी. लोभ आहेच, तो वाढावा.